बाईंच्या आजेसासूबाईंचं येसर

दिवाळीनंतर एका मराठी वाहिनीवर घरी स्वयंपाक करणाऱ्या लोकांसाठी स्पर्धा जाहीर झाली. हॉटेलात काम करणारे, आचारी, केटरिंगवाले चालणार नव्हते. पदार्थ आपल्या घरातला हवा, आपल्या भागातला हवा, एवढीच अट. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. जेवणाच्या सुट्टीत ती जाहिरात मोबाईलवर पाहिली आणि मला दुसरं काही सुचलंच नाही. आईचं येसर.

येसर काय असतं हे मराठवाड्याच्या बाहेर सांगावं लागतं. गहू, हरभऱ्याची डाळ, बाजरी, थोडे तांदूळ, धणे, जिरे, मिरे, दगडफूल, सुंठ, खोबरं हे सगळं वेगवेगळं भाजायचं आणि एकत्र दळायचं. तयार झालेलं पीठ पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीत सोडलं की येसराची आमटी होते. आमच्याकडे लग्नाची पंगत या आमटीशिवाय उठत नाही. दिसायला साधी, तपकिरी. पण भाजताना एक जरी धान्य कमी-जास्त झालं तर आमटी पिठूळ लागते नाहीतर कडवट. आमच्या गावात, परतूरपासून आठ-दहा किलोमीटरवर, ज्या घरात लग्न निघतं तिथून आईला बोलावणं येतं.

बोलावणं येतं, पण मागच्या अंगणात. लग्नाचं येसर भाजायला घेतात तेव्हा पहिला हात सवाष्णीचा लागतो. पाच सवाष्णी कढईला हळदकुंकू लावतात, त्यातली एक मूठभर गहू कढईत टाकते, उलथनं दोनदा फिरवते, बाकीच्या गाणी म्हणतात, आणि मग सगळ्या उठून चहा घ्यायला जातात. खरं भाजणं त्यानंतर सुरू होतं. मी पाचवीत असताना वडील गेले. तेव्हापासून आई सवाष्णींत नाही, त्यानंतरच्या भाजण्याच्या कामातली. दिवसभर कापसाच्या वाळल्या पळाट्यांच्या जाळापुढे बसून ती वीस-पंचवीस किलो धान्य भाजते. आणि पंगतीत कुणी आमटीचा भुरका मारून विचारलं, "येसर कुणाचं हो?" तर नाव निघतं त्या सवाष्णीचं. जिचा पहिला हात लागला, तिचं येसर. हे कुणी वाईट मनानं करत नाही. तशी पद्धतच आहे.

मी कॉलेजात गेल्यावर एकदा आईला म्हटलं होतं, तुला राग येत नाही का?

"लगन त्यांचं, मांडव त्यांचा, मंग येसर बी त्यांचंच," ती म्हणाली. "माझं काय, मला भाजायला आवडतंय."

मला मात्र राग यायचा. एकदा तरी, चार लोकांपुढे कुणीतरी म्हणावं की हे येसर हिनं केलंय, एवढंच मला हवं होतं. टीव्हीवर म्हटलं तर चार नाही, सगळा जिल्हा ऐकेल. म्हणून ती जाहिरात.

फॉर्मसोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा होता. रविवारी गावी गेले. आईला चुलीपुढे बसवलं, मोबाईल धरला.

"आई, इकडं बघ. मोबाईलकडं."

"बघून राह्यले की."

"आता सांग, काय करून राह्यलीस."

"तुला दिसून न्हाई राह्यलं का?"

भिंतीपलीकडून चुलतीनं डोकं वर काढलं. आमची घरं एकाच अंगणातली, मध्ये कमरेएवढी भिंत. "काय गं, हिरोईन करून राह्यली का आईला? मंग मला बी घे. मी मागून नाचते."

आई हसली, पण त्या हसण्यानंतर तिनं पदर पुढे ओढला तो ओढलाच. चार वेळा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी ती स्वतःचं नाव सांगायची आणि थांबायची. शेवटी म्हणाली, "मला नको म्होरं करू, माय. लोक म्हणतील, नवरा न्हाई अन् टीव्हीत मिरवून राह्यली." मी खूप समजावलं. तिनं चुलीतली पळाटी मागे ओढली आणि उठून गेली.

ही गोष्ट मी बाईंना सांगितली, कारण माझ्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट मी बाईंना सांगत होते.

बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. परतूरच्या शाळेत त्यांनी मला आठवीपासून दहावीपर्यंत शिकवलं. बारावीनंतर घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हा त्या आमच्या गावी आल्या, काकांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "ही मुलगी मी घेऊन जाते." तोवर त्या निवृत्त होऊन जालन्याला स्वतःच्या घरी राहायला गेल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या शहरात राहणारं, शिकलेलं घर. त्या घरी राहून मी बीएस्सी केलं. प्रवेशाच्या दिवशी खिडकीतल्या क्लार्कशी मला एक शब्द बोलता येईना, तेव्हा त्यांनी माझा हात धरून मला पुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "सांग त्यांना, मोठ्यानं." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाई नसत्या तर मी आज कुठे असते, हे मला चांगलं माहीत आहे. हे मी आजही कमी करून सांगणार नाही.

त्यांच्याकडे असताना मी सकाळी झाडून काढायचे, भाजी निवडायचे, त्यांच्या यजमानांना वेळेवर चहा द्यायचे. बाईंनी सांगितलं नव्हतं. मला बसून खाणं जमत नव्हतं.

व्हिडिओचं ऐकून बाई म्हणाल्या, "मी गेले तर?"

मला कळेना.

"अगं, मी छान बोलते, मला कॅमेऱ्याची भीती नाही. पदार्थ तुझ्या आईचा, नाव तुझ्या आईचं, तोंड फक्त माझं. तिथे उभी राहिले की पहिलं नाव तिचंच घेईन."

मी त्या दिवशी जालना स्टेशनवर उभी राहूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, "बाई घेत्याल माझं नाव? टीव्हीत?" मी म्हटलं, पहिलं तेच घेणार आहेत. ती म्हणाली, "मंग आडनावासकट घ्या म्हणावं. गावात माझ्या नावाच्या तिघी हायेत."

पुढचे चार रविवार आई सकाळच्या गाडीनं जालन्याला येत राहिली. बाईंच्या स्वयंपाकघरात गॅसवर भाजणं तिला जमेना. जाळ एका जागी लागतो, कढई कडेला थंड राहते, असं तिचं म्हणणं. पळाटीचा जाळ कढईच्या सगळ्या अंगाला लागतो. मग तिनं गॅसवर जाड तवा ठेवून त्यावर कढई ठेवली आणि तोड काढली. गहू झाला की नाही हे ती दाताखाली धरून बघायची. मऊ चावला गेला तर अजून थोडा, 'कट्' वाजला तर उतरवायचा. बाईंना ते 'कट्' ऐकू येईना.

"अहो ताई, किती मिनिटं ते सांगा ना."

"मिन्टं कशी सांगू बाई? गव्हाला इचारा."

बाई मनापासून हसल्या. त्या हसण्यात काही खोट नव्हती असं मला आजही वाटतं. मी आईच्या प्रत्येक मुठीखाली छोटा वजनकाटा धरला. प्रयोगशाळेत आम्ही बी मोजून उगवण तपासतो, त्यामुळे हे काम मला येत होतं. आईची धण्याची मूठ मी तीनदा मोजली. तिन्ही वेळा जवळपास तेवढीच भरली. मला इतका आनंद झाला की मी काटा आईला दाखवला. तिनं बघितलं आणि म्हणाली, "मंग? मूठ ती मूठच ऱ्हाणार." सगळी मापं मी वहीच्या एका पानावर लिहून काढली. आईचं येसर पहिल्यांदाच कागदावर आलं. बाईंनी ते पान लॅमिनेट करून आणलं.

बाई भाजतानाचा व्हिडिओ मी काढला, फॉर्मही मीच भरला, बाईंच्या लॅपटॉपवर. नाव, वय, पदार्थ. त्यात एक रकाना होता, 'हा पदार्थ तुम्ही कुणाकडून शिकलात?' मी आईचं नाव टाइप करायला लागले तर बाई म्हणाल्या, "तो राहू दे. तो मी नीट शब्दांत भरते."

मी उठले आणि खुर्ची त्यांना दिली. चूक इथेच झाली. कंपनीत मी वरिष्ठांनाही विचारते की सही कुठे, नोंद कुठे. पण बाईंना विचारायचं नसतं. बाईंच्या खांद्यावरून वाकून काय लिहिताय ते बघायचं नसतं. आमच्यासारख्या घरांतून आलेल्या पोरींना हे कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. मी त्यांच्यासाठी चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा फॉर्म गेला होता.

बाईंची निवड झाली. चित्रीकरणाला घरचं एक माणूस सोबत आणायचं होतं. बाईंचा मुलगा परदेशात, यजमानांचे गुडघे दुखतात. बाई म्हणाल्या, "तूच चल. तू माझ्या घरचीच." मी रजा टाकली. आईनं नवं येसर करून स्टीलच्या डब्यात भरून दिलं आणि झाकणाभोवती ओलं फडकं बांधलं, वास उडू नये म्हणून.

मुंबईत एका मोठ्या शेडसारख्या जागेत सगळा देखावा उभा केला होता. आत एवढी थंडी होती की मी ओढणी कानावरून घेतली. स्पर्धकांच्या घरच्यांना एका बाजूला पायऱ्यांवर बसवलं होतं. बाई मोरपंखी साडीत शांतपणे उभ्या होत्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला. त्यांनी येसर पाण्यात कालवलं, गुठळी होऊ दिली नाही, फोडणीत लसूण बरोबर लाल होऊ दिला. आईनं जसं सांगितलं तसं. परीक्षकांनी आमटी वाटीत घेतली, एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि पुन्हा घेतला.

"हे तुमच्याकडे कुणाकडून आलं?" त्यांनी विचारलं.

मी पायरीच्या कडेवर सरकले. मला आठवतं, मी मनातल्या मनात आईचं आडनावसुद्धा म्हणून ठेवलं होतं, बाई विसरल्या तर ओठ हलवून सांगता यावं म्हणून.

"माझ्या आजेसासूबाईंचं हे येसर," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, ही सुरुवात आहे, पुढे आईवर येतील. बाई बोलत राहिल्या. निजामाच्या राजवटीत आजेसासूबाईंच्या हातच्या आमटीचा डबा तहसीलदाराकडे जायचा. आजेसासूबाई गहू दाताखाली धरून बघायच्या, 'कट्' आवाज आला की उतरवायच्या. त्या म्हणायच्या, मिनिटं काय विचारता, गव्हाला विचारा.

परीक्षक हसले. "वा! गव्हाला विचारा!"

बाईंच्या घरात येसर कधीच होत नव्हतं. मी पहिल्या वर्षी गावाहून आणलेल्या येसराची आमटी त्यांच्याकडे केली होती, तेव्हा बाईंनी वाटीत बघून विचारलं होतं, "हे काय गं मातकट?" मला हे तिथे बसल्या बसल्या आठवलं. आणि तरी मी वाट बघत होते.

मग परीक्षकांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि या कोण? सूनबाई का?"

"नाही नाही," बाई म्हणाल्या. "ही आमच्याकडे असायची. वरचं काम बघायची. हुशार होती, म्हणून आम्ही शिकवली. आज पदवीधर आहे."

सगळीकडून टाळ्या वाजल्या. टाळ्या बाईंसाठी होत्या. परीक्षकांनी हात जोडले. कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या एका मुलीनं मला खूण केली, खाली या, पाया पडा. मी उतरले. बाईंच्या पाया पडले. बाईंनी मला उठवून जवळ घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. परीक्षकांनी मला विचारलं, "काय सांगाल बाईंबद्दल?" माझ्यासमोर माइक होता. मी म्हणाले, "बाईंमुळे मी आहे." आणि हसले.

परतीच्या गाडीत बाईंनी स्वतःहून विषय काढला. "तुला वाईट वाटलं का गं? ते लोक आधीच सांगतात, घराण्याची गोष्ट हवी. विद्यार्थिनीच्या आईकडून शिकले म्हटलं तर त्यात काय आहे? त्यांनी घेतलंच नसतं. आणि ते बरंच कापतात. बहुतेक हे राहणारच नाही."

मी म्हटलं, "हो बाई." खिडकीबाहेर बघत बसले. बाईंनी डब्यातली पोळीभाजी काढली, अर्धी माझ्यापुढे केली, आणि मी खाल्ली.

आईचा फोन आला तेव्हा मी खोलीवर पोचलेही नव्हते. मी बदनापूरला खोली घेऊन राहते, स्टेशनापासून चालत निघाले होते.

"कसं झालं?"

"छान झालं. निवड झाली पुढं."

"घेतलं का गं माझं नाव?"

मी रस्त्याच्या कडेला थांबले. "लागल्यावर बघ की," मी म्हटलं.

"आगं बया! म्हंजे घेतलं." तिला माझं बोलणं गुपित राखल्यासारखं वाटलं. ती इतकी हसली की मला पुढे बोलताच आलं नाही.

कार्यक्रम दाखवायला पाच आठवडे होते. पाच आठवडे मी रोज ठरवायचे की आज सांगायचं. आणि रोज बाईंचं वाक्य आठवायचं, ते बरंच कापतात. माझी सगळी आशा कात्रीवर होती.

तो रविवार होता, संध्याकाळी सातची वेळ. मी दुपारीच गावी पोचले. आईनं अंगण सारवून ठेवलं होतं, घरात सतरंज्या टाकल्या होत्या. गल्लीतल्या बाया आल्या. ज्यांच्या लग्नघरी आईनं भाजून दिलं होतं, त्याही आल्या. चुलती सगळ्यांत पुढे बसली. आईनं नवं लुगडं नेसलं होतं आणि ती दाराशी उभी होती, बसत नव्हती.

"बस की गं," चुलती म्हणाली. "तुझं नाव यायच्या टायमाला तू चहा गाळत बसशील."

काहीही कापलं नव्हतं. आजेसासूबाई आल्या, तहसीलदार आले, डबा आला. 'गव्हाला विचारा' आलं तेव्हा एका बाईनं वळून आईकडे बघितलं. मग मी आले. माझं पाया पडणं त्यांनी दोनदा दाखवलं, सावकाश, मागे बासरी लावून.

चुलतीच आधी बोलली. "आगं, हे तर तुझंच येसर हाय. मंग ह्या बाई कुणाची म्हतारी काढून राह्यल्या?" मग ती माझ्याकडे वळली. "अन् तू तिथं वरचं काम करत व्हतीस व्हय? आम्हाला तर म्हणाली, शिकायला गेल्ते."

कुणीतरी तिला चूप म्हणालं. आई टीव्हीकडेच बघत होती. ती म्हणाली, "आमटी पातळ झालीया. अजून एक उकळी पायजे व्हती." आणि आत जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. एकेकीच्या हातात कप दिला. बाया भराभर चहा पिऊन उठल्या.

सगळ्या गेल्यावर आईनं सतरंजी झटकायला घेतली. एक टोक माझ्या हातात दिलं.

"तुला म्हाईत व्हतं?"

"हो."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून."

"मी फोन केल्ता तवा बी?"

मी मान हलवली. आम्ही सतरंजीची घडी घातली. टोकाला टोक जुळवताना ती माझ्या अगदी जवळ आली आणि तिथेच थांबली.

"बाईंचं मला काय न्हाई," ती म्हणाली. "त्या परक्या. गावात सवाष्णी बी घेऊन जातेत नाव, मी कवा काय म्हणलं? पर त्यांच्या पाठीमागं माझीच लेक हसत हुभी नसती."

तिनं घडी माझ्या हातातून घेतली. मी रडले. तिनं मला गप्प केलं नाही. सकाळी भाकरी बांधून दिली, स्टेशनपर्यंत रिक्षा बघून दिली, सगळं नेहमीसारखं केलं, फक्त बोलली नाही.

त्या आठवड्यात कंपनीत सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी टीव्हीवर दिसले होते. माझ्याशेजारी बसणारी म्हणाली, "किती मोठ्या मनाच्या बाई आहेत गं तुझ्या." मी कागदाच्या गुंडाळीतले अंकुर मोजत होते. मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजले.

पुढच्या रविवारी मी न विचारता गावी गेले. आई अंगणात सूप घेऊन तूर पाखडत होती. मी तिच्यासमोर बसून खडे वेचायला लागले. तिनं हटकलं नाही. तेवढ्यात बाईंचा फोन आला.

"अगं, ऐक. पुढच्या फेरीला पुन्हा येसर लागणार आहे, परीक्षकांनीच सांगितलंय. मी त्या कागदाप्रमाणे केलं, पण काळपट पडलं. दोनदा केलं. आईला सांग, किलोभर भाजून ठेव म्हणावं. मंगळवारी मला निघायचंय."

आवाज मोठा होता. आईला ऐकू गेलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं आणि हात पुढे केला.

"बाई, नमस्कार."

"नमस्कार ताई! बघितलंत ना? सगळ्यांना किती आवडलं!"

"बघितलं की. सगळ्या गल्लीनं बघितलं." आई शांत होती. "येसर पायजे म्हणता? तुमच्या आजेसासूबाईला इचारा की. मला कशाला इचारून राह्यल्या?"

बाई हसल्या. "अहो ताई, टीव्हीचं ते तसंच असतं. मनाला लावून घेऊ नका. येसर तुमचं आहे हे मला माहीत नाही का?"

"तुम्हाला म्हाईत हाय. मला बी म्हाईत हाय. आपल्याला दोघींना कशाला सांगायचं? तिथं सांगायचं व्हतं."

"पुढच्या वेळी नक्की घेते नाव. शब्द देते."

आईनं फोन माझ्याकडे केला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू तरी समजावून सांग त्यांना," बाई मला म्हणाल्या. "एवढ्याशा गोष्टीसाठी माझी फेरी जाईल. तुला मी पोटच्या पोरीसारखं ठेवलं."

माझ्या तोंडून नेहमीचं 'हो बाई' निघालंच. मग मी थांबले.

"हो बाई. तुम्ही ठेवलंत, शिकवलंत. मी कधी विसरणार नाही. पण येसर आईचं आहे. तुम्ही तिचं नाव घेणार होतात, नाही घेतलं. मी तुमच्याकडे शिकायला होते, कामाला नव्हते. आता आमच्याकडून येसर मिळणार नाही."

मग बाई म्हणाल्या, "शेवटी तुम्ही लोक," आणि तिथेच थांबल्या. फोन ठेवला. पुढचं वाक्य मी आजवर मनात किती प्रकारे पुरं करून पाहिलं आहे. एकही प्रकार चांगला निघत नाही.

मी आईकडे बघितलं. मला वाटलं होतं, आता ती माझ्या पाठीवरून हात फिरवील.

"हे तिथं बोलायला काय झाल्तं?" ती म्हणाली.

"बाईंपुढं मला बोलता येत नाही, आई. माझं तोंडच उघडत नाही."

"माझं बी उघडत न्हाई. म्हणूनच मी गेले न्हाई टीव्हीत. मी अंगठ्यावाली. तुझं बी उघडत न्हाई, तर मंग तुला शिकायला कशाला धाडलं?"

ती सूप घेऊन उठली, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला वारं होतं तिकडे जाऊन बसली आणि पाखडायला लागली. माझ्या गाडीला अजून दोन तास होते. मी पिशवी उचलली आणि परतूर स्टेशनवर जाऊन बसले.